उष्णतेचा हिशेब मांडणारा वैज्ञानिक : विल्यम डेव्हिड कूलिज

रुग्णालयातील क्ष-किरण कक्ष आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. छातीचे किंवा मोडलेल्या हाडाचे चित्र घ्यायचे असते. तंत्रज्ञ श्वास रोखायला सांगतो, भिंतीआड जाऊन कळ दाबतो, क्षणभर घरघर ऐकू येते आणि काम संपते. रुग्णाला काही जाणवत नाही. मात्र त्या निमिषात यंत्राच्या नळीत जी ऊर्जा ओतली गेली, तिच्यापैकी जेमतेम एक टक्का क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडलेली असते. उरलेली सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णता होऊन नळीच्या आत, काही चौरस मिलिमीटर धातूवर कोसळलेली असते. त्या उष्णतेचा हिशेब चुकला तर धातू वितळतो, तडकतो आणि नळी निकामी होते.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म कॉनराड राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्झबर्ग येथे लावला, हे शालेय पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. परंतु राँटजेन यांच्या प्रयोगशाळेतील तो विस्मयकारक किरण रोजच्या उपचारातील विश्वासू साधन कोणामुळे झाला, हे फारसे सांगितले जात नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही उणीव नेहमी जाणवत आली आहे. शोध लावणाऱ्याचे नाव राहते. तो शोध सामान्य माणसाच्या दारापर्यंत आणणाऱ्याचे नाव मागे पडते. विल्यम डेव्हिड कूलिज हे अशा मागे पडलेल्यांपैकी एक. त्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वाचावे, असे त्यात बरेच काही आहे.

एका खोलीची शाळा

कूलिज यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७३ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन या लहान गावी झाला. वडील जोडे बनविण्याचे काम करीत आणि त्या मिळकतीत भागत नसल्याने जोडीला थोडी शेती करीत. आई फावल्या वेळात कपडे शिवून संसाराला हातभार लावी. विल्यम हे त्यांचे एकुलते एक अपत्य. गावातील प्राथमिक शाळा एका खोलीची होती. सहा इयत्तांची सुमारे तीस मुले तेथे एकत्र बसत आणि एकच शिक्षक त्या सर्वांना शिकवीत असे. आपल्याकडील वाडीवस्तीवरच्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलगा हुशार होता आणि त्याचे हात कुशल होते. छायाचित्रणाचा छंद लागला तेव्हा त्याने स्वतःची अंधारखोली तयार केली. तरीही माध्यमिक शाळेत असताना त्याने एकदा शिक्षण सोडले आणि गावातील रबरी कपड्यांच्या कारखान्यात तो कामाला लागला. हे काम आपल्याला आयुष्यभर पुरणारे नाही, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. तो शाळेत परतला, मागे पडलेला अभ्यास त्याने भरून काढला आणि तेरा विद्यार्थ्यांच्या आपल्या वर्गात पहिला येऊन बाहेर पडला.

पुढे काय करायचे, याची घरच्या परिस्थितीला झेपेल अशी एक वाट समोर होती : राज्याच्या कृषी महाविद्यालयात जायचे. त्याची गुणवत्ता आणि यंत्रांची व विजेची आवड पाहिलेल्या एका मित्राने त्याला दुसरी वाट सुचविली. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जा, राज्याची शिष्यवृत्ती मिळू शकेल, अर्ज कर, असे त्याने सांगितले. अर्ज केला गेला, शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९१ मध्ये जोडे बनविणाऱ्याचा मुलगा विद्युत अभियांत्रिकी शिकू लागला. त्या मित्राने वेळेवर माहिती दिली नसती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

आजारपणात एक वर्ष गेले. १८९६ मध्ये पदवी मिळाली. त्यानंतर कूलिज जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात गेले आणि १८९९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. परतताना पदवीबरोबर कर्जाचा बोजाही आला. मायदेशी आर्थर नॉइज या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते संशोधन करू लागले. उच्च तापमानाला पाण्यातील द्रावणांतून वीज कशी वाहते, हा त्यांचा विषय होता. उष्णता सोसू शकेल असे भांडे तयार करणे आणि तिचे अचूक मोजमाप करणे हे या कामाचे अवघड अंग. पुढील सगळ्या आयुष्याची तयारी जणू येथेच झाली.

१९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी यांनी त्यांना बोलावले. पगार दुप्पट होता आणि स्वतःचे संशोधन चालू ठेवण्याची मुभाही होती. डोक्यावर कर्ज असलेल्या संशोधकाला हे दोन्ही महत्त्वाचे होते. कूलिज स्कनेक्टडीला गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

हट्टी धातू

त्या काळी विजेच्या दिव्यात कार्बनचा तंतू असे. तो विजेच्या मानाने उजेड कमी देई. टंगस्टन हा धातू सुमारे ३,४२० अंश सेल्सियसला वितळतो. इतका उच्च द्रवणांक दुसऱ्या कोणत्याही धातूला नाही. म्हणून टंगस्टनचा तंतू अधिक तापवता येईल आणि त्याच विजेत अधिक प्रकाश मिळेल, हे सर्वांना कळत होते. अडचण एकच होती : टंगस्टन काचेसारखा ठिसूळ होता. त्याची तार ओढता येत नसे. युरोपात त्याच्या भुकटीपासून तंतू बनविण्यात आले होते, पण ते हलक्या धक्क्यानेही मोडत.

कूलिज आणि त्यांचे सहकारी या धातूच्या मागे कित्येक वर्षे लागले. त्यांनी टंगस्टनची शुद्ध भुकटी दाबून तिच्या कांड्या केल्या आणि हायड्रोजन वायूत त्यांतून वीज सोडून, धातू न वितळविता, त्याचे कण एकमेकांना जोडले. मग त्या तापलेल्या कांड्या सतत ठोकून बारीक केल्या आणि अखेर तापविलेल्या हिऱ्यांच्या छिद्रांतून त्यांची तार ओढली. येथे एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इतर धातू थंड स्थितीत ठोकले की कडक व ठिसूळ होतात आणि तापवून पुन्हा मऊ करावे लागतात. टंगस्टनचा स्वभाव उलटा निघाला. योग्य तापमानाच्या मर्यादेत राहून त्याच्यावर जितके काम करावे, तितका तो लवचीक होत गेला आणि शेवटी थंड असतानाही वाकू लागला. १९११ पासून अशा तारेचे दिवे बाजारात आले. तापून उजळणाऱ्या तंतूचे जे दिवे आपल्या पिढीने घरोघरी पाहिले, त्यांतील तार याच पद्धतीची होती.

या प्रक्रियेचे पेटंट १९१३ मध्ये मिळाले. पुढे अमेरिकी न्यायालयांत त्यावर वाद झाला आणि ते रद्द ठरले. तन्यता हा शुद्ध टंगस्टनचा निसर्गदत्त गुण आहे, तो कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पेटंटच्या वैधतेवर असे प्रश्नचिन्ह उभे राहिल्याने कूलिज यांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे प्रतिष्ठेचे एडिसन पदक १९२६ मध्ये नाकारले. दुसऱ्या वर्षी दिवे आणि क्ष-किरण या दोन्ही क्षेत्रांतील कार्यासाठी ते त्यांना देण्यात आले. ज्या मानाबद्दल शंका आहे तो घेऊ नये, एवढा साधा नियम त्यांनी पाळला.

लहरी नळी आणि जळालेले हात

हाताशी आलेला हा धातू कूलिज यांना क्ष-किरणांकडे घेऊन गेला. त्यासाठी १९१३ पूर्वीची क्ष-किरण नळी कशी होती, हे आधी पाहिले पाहिजे.

काचेच्या नळीतील बहुतेक हवा काढून टाकलेली असे, पण थोडी मुद्दाम ठेवलेली असे. उच्च दाबाची वीज सोडली की त्या उरलेल्या वायूचे विद्युतभारित कण ऋणाग्रावर आपटत आणि तेथून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. हे इलेक्ट्रॉन वेगाने समोरच्या धातूच्या लक्ष्यावर आदळत आणि तेथून क्ष-किरण निघत. म्हणजे सगळा कारभार त्या चिमूटभर वायूवर अवलंबून होता. नळी वापरताना वायू काचेत शोषला जाई आणि किरण निघेनासे होत. नळी तापली की भिंतींतून वायू सुटे आणि किरण दुबळे होत. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा, आणि तोही सकाळी एक तर दुपारी दुसरा. कालचे प्रमाण आज लागू पडत नसे.

अशा लहरी नळीचा अंदाज घेण्यासाठी चालक काय करीत? स्वतःचा हात नळीसमोर धरून चमकणाऱ्या पडद्यावर आपलीच हाडे पाहत. हाडे स्पष्ट दिसली की नळी ठीक आहे असे समजत. दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने हे चाले. परिणामी त्यांच्या हातांची कातडी जळाली, व्रण झाले, अनेकांना कर्करोग झाला, बोटे आणि हात कापावे लागले. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे काम करणारे क्लॅरेन्स डॅली हे काच फुंकणारे कारागीर याच दुखण्याने १९०४ मध्ये दगावले. त्यापूर्वी त्यांचे दोन्ही हात गमवावे लागले होते. एडिसन यांनी या किरणांकडे पाठ फिरविली. एडिसन यांचे नाव जगाला ठाऊक आहे. डॅली यांचे नावही या लेखाच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

या नळीत उष्णतेचाही प्रश्न होता. लक्ष्यासाठी बहुधा प्लॅटिनम वापरीत. त्याचा द्रवणांक सुमारे १,७७० अंश. किरण जरा जास्त काळ हवे म्हणून वीज वाढविली की लक्ष्याचा पृष्ठभाग वितळून खड्डा पडे. कमी वीज दिली तर चित्र घेण्यास बराच वेळ लागे, रुग्ण हले आणि चित्र धूसर होई. नळीला किती वीज सोसेल, हे सांगणारे काही गणित नव्हते, कारण नळीतून किती वीज जाईल हेच कोणाला नेमके ठरवता येत नव्हते.

१९१३ ची नळी

कूलिज यांनी प्रथम लक्ष्य बदलले. प्लॅटिनमच्या जागी त्यांनी आपल्या पद्धतीने घडविलेला टंगस्टन बसविला. तो जवळजवळ दुप्पट तापमान सोसू शकत होता. परंतु वायूची लहर तशीच राहिली.

त्याच संशोधनशाळेत आयर्विंग लँगम्यूर हे तरुण रसायनशास्त्रज्ञ टंगस्टनच्या तापलेल्या तारेचा अभ्यास करीत होते. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे पूर्वीच माहीत होते. मात्र त्यासाठी थोडा वायू आवश्यक असावा, अशी अनेकांची समजूत होती. लँगम्यूर यांनी दाखविले की वायू जवळपास पूर्णपणे काढून टाकला, तरी टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन निघत राहतात, आणि तेही अधिक स्थिरपणे. कूलिज यांना त्यात आपल्या अडचणीचे उत्तर दिसले. वायू अजिबात नको. ऋणाग्र म्हणून टंगस्टनचीच तार घ्यावी आणि ती वेगळ्या विजेने तापवावी.

डिसेंबर १९१३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. लुईस ग्रेगरी कोल यांनी आपल्या व्यवसायबंधूंसमोर ती चालवून दाखविली आणि तिला कूलिज नळी हे नाव मिळाले.

या नळीचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगायचे, तर जे दोन गुण पूर्वी एकमेकांत गुंतलेले होते, ते तिने वेगळे केले. तार अधिक तापवली की अधिक इलेक्ट्रॉन निघतात, म्हणजे किरणांची संख्या वाढते. विजेचा दाब वाढवला की इलेक्ट्रॉनांचा वेग वाढतो, म्हणजे किरणांची भेदकता वाढते. दोन्हींसाठी दोन स्वतंत्र कळी. आज लावलेले प्रमाण उद्या, परवा, दुसऱ्या गावी, दुसऱ्या चालकाच्या हाती तेच फळ देणार. चालकाला आपला हात नळीसमोर धरून तिची परीक्षा घेण्याचे आता कारण उरले नाही.

उष्णतेचे गणित

नळीतून किती वीज जाते हे एकदा नेमके ठरवता येऊ लागल्यावर उष्णताही मोजता येऊ लागली. हे गणित आपल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल असे आहे.

इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात तेव्हा बहुतेक इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांना धक्के देत आपली ऊर्जा थोडी थोडी गमावतात. ती सारी उष्णता होते. जे थोडे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना एकदम वळतात व मंदावतात, त्यांच्यापासून बहुतांश क्ष-किरण मिळतात. हे प्रमाण धातूच्या अणुक्रमांकावर आणि विजेच्या दाबावर अवलंबून असते. टंगस्टनचा अणुक्रमांक ७४ आहे. १०० किलोव्होल्टला किरणांचा वाटा १ टक्क्याच्या आसपास किंवा किंचित कमी येतो. प्लॅटिनमचा अणुक्रमांक ७८ आहे, म्हणजे किरण देण्यात तो काकणभर सरसच. तरी निवड टंगस्टनची झाली, कारण येथे उष्णता सोसण्याच्या बळाला अधिक मोल होते.

यंत्रचालकांसाठी पुढे उष्णतेचे एक सोपे माप रूढ झाले. त्याला ‘हीट युनिट’ म्हणतात. दाब किलोव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपिअरमध्ये आणि वेळ सेकंदात घ्यायचा व तिन्हींचा गुणाकार करायचा. समजा, ८० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि अर्धा सेकंद असे प्रमाण लावले. ८० गुणिले १०० गुणिले ०.५, म्हणजे ४,००० एकक उष्णता. हे साध्या एककलीय विजेच्या यंत्राचे उत्तर झाले. त्रिकलीय विजेच्या यंत्रात दाब अधिक सलग राहतो, म्हणून या उत्तराला आणखी सुमारे १.३५ ने गुणावे लागते. ते ५,४०० होते. लागोपाठ तीन चित्रे घेतली, तर तिप्पट. प्रत्येक नळीबरोबर निर्माता एक तक्ता देतो : एका वेळी किती सोसेल, एकूण किती साठवता येईल आणि निवायला किती मिनिटे लागतील. तक्त्याच्या आत राहिले, की नळी वर्षानुवर्षे टिकते.

आता एक गंमत पाहा. असे एक एकक म्हणजे सुमारे ०.७ ज्यूल. आपले ४,००० एकक म्हणजे सुमारे २,८०० ज्यूल. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी एक अंशानेही तापत नाही. मग नळीला धोका कसला? धोका उष्णता किती आहे यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ती किती जागेवर आणि किती वेळात पडते यावर असतो. चित्र रेखीव यावे म्हणून इलेक्ट्रॉनांचा मारा अगदी लहान ठिकाणी करावा लागतो. लहान ठिकाणी मारा केला, की ते ठिकाण जळू लागते. रेखीवपणा आणि टिकाऊपणा यांच्या या ओढाताणीतच क्ष-किरण नळीचा पुढचा सारा इतिहास घडला.

रणांगणावरील नळी

कूलिज नळीतील टंगस्टनचे लक्ष्य वापरताना तापून लाल-पांढरे होई आणि उष्णता प्रकाशाप्रमाणे बाहेर टाकी. यातून एक नवी अडचण आली. दिशा बदलणारी वीज नळीला दिली, तर उलट्या दिशेच्या वेळी ते तप्त लक्ष्यच इलेक्ट्रॉन सोडू लागे आणि नळी बिघडे. म्हणून विजेला एकाच दिशेने वळविणारे अवजड यंत्र सोबत लागे. रुग्णालयात ते ठीक होते. रणांगणावर ते कसे न्यावे?

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी कूलिज यांनी एक लहान नळी तयार केली. टंगस्टनचा छोटा तुकडा त्यांनी तांब्याच्या जाड ठोकळ्यात बसविला. तांबे उष्णता झटकन वाहून नेते. ठोकळ्याचा दांडा नळीच्या बाहेर आणून त्याला चकत्यांसारखी पाती लावली, म्हणजे उष्णता हवेत निघून जाईल. लक्ष्य थंड राहिले, त्यामुळे त्यातून इलेक्ट्रॉन सुटेनात. नळी आपोआपच वीज एका दिशेने वाहू देऊ लागली आणि ते अवजड यंत्र गळून पडले. पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र, ही नळी आणि थोडे साहित्य एवढ्यावर जखमी सैनिकाच्या शरीरातील गोळी छावणीतच शोधता येऊ लागली. उष्णतेचा नीट विचार केल्यामुळे यंत्र हलके झाले, आणि ते हलके झाल्यामुळे ज्यांना रुग्णालयापर्यंत पोहोचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचले. दुर्गम भागात फिरणाऱ्या क्ष-किरण गाड्यांच्या मागे हीच विचारसरणी आहे.

फिरते लक्ष्य

आता लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या घरघरीचा उलगडा करता येईल. लक्ष्य स्थिर असले की मारा एकाच जागी होतो. तेच चकतीच्या रूपात फिरते ठेवले, तर प्रत्येक क्षणी नवी, थंड जागा समोर येते. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुचविली गेली होती आणि कूलिज यांनीही तिच्यावर प्रयोग केले. व्यवहारात ती यशस्वी झाली १९२९ च्या सुमारास, हॉलंडमधील फिलिप्स कंपनीत अल्बर्ट बाऊवर्स यांच्या हातून. निर्वात नळीच्या आत चकती फिरवायची, तिच्या धारव्यांना नेहमीचे वंगणतेल देता येत नाही आणि फिरविण्याचे बळ काचेच्या बाहेरून द्यायचे, असे ते अवघड काम होते.

त्याने किती फरक पडतो, हे आपले विद्यार्थी काढू शकतील. समजा, स्थिर लक्ष्यावर मारा २ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर लांब जागेवर होतो. क्षेत्रफळ १४ चौरस मिलिमीटर. तोच मारा ३५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत गेला, तर परीघ सुमारे २२० मिलिमीटर. पट्टा ७ मिलिमीटर रुंद. क्षेत्रफळ सुमारे १,५४० चौरस मिलिमीटर. म्हणजे तीच उष्णता ११० पट जागेवर वाटली गेली. ओझे कमी झाले नाही. ते वाटले गेले, म्हणून सोसवले.

या चकतीविषयी एक पथ्य प्रत्येक तंत्रज्ञाला शिकविले जाते. सकाळी यंत्र थंड असताना त्यावर एकदम मोठा भार टाकायचा नाही. आधी हलक्या प्रमाणाचे काही झटके देऊन ती हळूहळू गरम करायची. थंड चकतीवर अचानक जोराचा मारा झाला, तर वरचा थर प्रसरण पावतो, आतला पावत नाही आणि चकती तडकते.

उत्तरायुष्य

कूलिज १९३२ मध्ये संशोधनशाळेचे संचालक झाले आणि १९४४ च्या अखेरीपर्यंत त्या पदावर राहिले. आर्थिक मंदी आणि दुसरे महायुद्ध अशा दोन कठीण काळांतून त्यांनी संस्था चालविली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा आवाज टिपणारे उपकरण त्यांनी तयार केले होते. कर्करोगावरील उपचारांसाठी अधिकाधिक उच्च दाबाच्या नळ्या त्यांनी घडविल्या. त्यांच्या नावावर ८३ पेटंटे होती. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, स्कनेक्टडी येथे त्यांचे निधन झाले. ज्या किरणांनी त्यांच्या आधीच्या पिढीतील कित्येक कामगारांचे आयुष्य अकाली संपविले, त्यांच्याच सान्निध्यात आयुष्य काढून हा माणूस शतायुषी झाला.

आपल्यासाठी

आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतात. ते रोज जे प्रमाण लावतात आणि जो तक्ता पाहतात, त्यामागे ही परंपरा आहे. आपले काम कळ दाबण्याचे आहे, असे त्यांनी कधीही मानू नये. नळी किती सोसेल याचा हिशेब ठेवणारा माणूस त्या खोलीतील वैज्ञानिकच असतो.

मला मात्र या चरित्रातील दोन लहान घटना अधिक मोलाच्या वाटतात. एक, रबरी कपड्यांच्या कारखान्यातून शाळेत परतलेला मुलगा. दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या वसतिगृहातील काही खाटा रिकाम्या राहतात. आईवडील ऊसतोडीला जातात, मुलेही सोबत जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. त्यांतील काही महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात. अशा मुलाला वर्गात काय ऐकवायचे, हे आपल्या हाती असते. तो मागे पडला आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते. थंड चकतीवर एकदम भार टाकू नये, हे यंत्राच्या बाबतीत ज्यांना कळले, त्यांनी ते मुलांच्या बाबतीतही विसरू नये.

दुसरी घटना त्या मित्राची. इतिहासात त्याला मोठे स्थान नाही. त्याने पैसे दिले, वशिला लावला, असेही काही नाही. अशी एक संस्था आहे, अशी एक शिष्यवृत्ती आहे, अर्ज कर, एवढेच त्याने वेळेवर सांगितले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी रुग्णालयात आहे, कोणी वीज मंडळात, कोणी बँकेत, कोणी परदेशी. प्रत्येकाला एखाद्या अभ्यासक्रमाची, एखाद्या शिष्यवृत्तीची, अर्जाच्या शेवटच्या तारखेची जी माहिती आहे, ती दहावीच्या वर्गातील मुलांना नाही. वर्षातून एकदा शाळेत यावे, त्या वर्गासमोर अर्धा तास बसावे आणि ती माहिती द्यावी. स्मरणिकेत नाव छापून येण्यापेक्षा त्या अर्ध्या तासाची शाळेला अधिक गरज आहे.